मनातलं गूज : मधला शनिवार



या आठवड्यात नाताळच्या फराळाबद्दल लिहायचं असं मी ठरवलं होतं. करंज्यांचं सारण खवट का होतं, असं विचारणारी तीन पत्रं टेबलावर आहेत. पण परवा एक जाड पाकीट आलं. वहीतली फाडलेली आठ पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ती वाचल्यापासून सारणाचं काही सुचेना. तेव्हा करंज्या पुढच्या अंकात. रागावू नका.

पत्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती भगिनीचं आहे. नाव-गाव छापू नका अशी तिची विनंती आहे, ती पाळते. मजकूर पुष्कळसा तिच्याच शब्दांत, थोडा आटोपता करून देते :

"मावशी, सलाम. माझा थोरला मुलगा चोवीस वर्षांचा होता. ईस्टर होऊन पाच दिवस झाले होते. रात्रपाळी करून येताना त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. आता आठवा महिना चालू आहे. मातीला खूप लोक आले, गाणी झाली. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानावर संदेश दिला. फार चांगला झाला असं सगळे म्हणतात, मला त्यातला एक शब्द आठवत नाही. पुढं मी रडायला लागले की आमच्या महिला मंडळातल्या एक बाई म्हणायच्या, 'स्वर्गात भेट होणार यावर तुझा भरवसा नाही का? ख्रिस्ती बाईनं इतकं रडू नये.' मग मी लोकांसमोर रडायचं सोडलं. देवळात गाणं सुरू झालं की घसा आवळतो, म्हणून देवळात जाणंही सोडलं. रात्री प्रार्थनेला बसते, तर प्रार्थना येत नाही, भांडणच येतं तोंडात. कपाटात त्याचे कपडे आहेत. सासूबाई म्हणतात, देऊन टाक, घरात ठेवू नये. मिस्टर काही बोलत नाहीत. कामावरून येतात, जेवतात, ओट्यावर जाऊन बसतात. धाकटी बारावीला आहे, ती नुसती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघते. नाताळ आला, जीव घाबरा होतो. मावशी, एवढंच सांगा, माझा विश्वास गेला का?"

आणि शेवटच्या पानावर, समासात, आडवं, बारीक अक्षरात : "गाडीचे पैसे मी माझ्या भिशीतून दिले होते. हे नको म्हणत होते."

बाई गं, तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझी सगळ्यांत धाकटी बहीण तुझ्याहून थोडीशीच मोठी आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. विश्वास गेलेला नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कुणी रात्री उठून भांडत नाही. मी सारा जन्म शाळेत मुलांना शिकवलं, रविवारी देवळात शब्बाथशाळा घेतली. मी काही पाळक नव्हे, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पण पवित्र शास्त्र वाचून डोळ्यांवर चार चष्मे झाले, त्यावरून सांगते.

आधी माझी एक चूक सांगायला हवी, नाहीतर पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. मी सव्वीस वर्षांची होते. नवीनच मास्तरीण झाले होते. शेजारच्या खोलीत माझ्यासारखीच एक शिक्षिका राहायची. तिचं सहा महिन्यांचं बाळ जुलाबानं गेलं. मी तिच्याकडे गेले आणि मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "देवाला तो आपल्यापेक्षा जास्त हवा होता." तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "देवाला मुलांची काय कमी होती?" आणि आत निघून गेली. मला वाटलं, हिचा विश्वास कच्चा आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं आमचं बोलणं कामापुरतंच राहिलं. पुढं माझे यजमान गेले तेव्हा हीच बाई डबा घेऊन आली. मुगाची खिचडी होती. एक शब्द बोलली नाही. मोरीतले चहाचे कप विसळले, पालथे घातले आणि गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. दर गुरुवारी, पावसाळाभर. त्या खिचडीच्या डब्यापाशी मला कळलं की सव्वीसाव्या वर्षी मी काय करून बसले होते.

तेव्हा तुझ्या मंडळातल्या बाईंवर फार रागावू नकोस. त्यांना तुझं रडणं बघवत नसेल. माणसाला दुसऱ्याचं दुःख बघवेनासं झालं की तो उपदेश करतो. पण त्या म्हणाल्या ते बरोबर मात्र नाही.

हा उपदेश बहुधा पौलाच्या एका पत्रातून उचललेला असतो. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, इ. स. ५०च्या सुमाराचं. तिथली काही माणसं मरण पावली होती आणि मागं राहिलेले घाबरले होते. पौल त्यांना सांगतो की ज्यांना काहीच आशा उरलेली नाही अशांसारखा तुमचा शोक नसावा. बस, एवढंच. शोक करू नका असं तो म्हणत नाही. आशा धरून शोक करा, असा त्याचा अर्थ. पण आपण ते वाक्य अर्धंच लक्षात ठेवतो आणि दुःखी बाईच्या तोंडावर मारतो.

आता बेथानीच्या घराकडे ये. आपल्या अख्रिस्ती भगिनींसाठी थोडं सांगते. बेथानी हे यरुशलेमपासून तीनेक किलोमीटरवरचं खेडं. तिथं मार्था आणि मरिया या दोन बहिणी, आणि लाजर हा त्यांचा भाऊ. भाऊ आजारी पडला. बहिणींनी येशूला निरोप धाडला, पण तो वेळेवर आला नाही. आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था उठून रस्त्यावर त्याला सामोरी गेली, मरिया घरातच बसून राहिली. दोघी त्याला भेटल्या निरनिराळ्या वेळी, पण तक्रार दोघींची एकच : तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. सरळ तोंडावर सांगितलं. आणि येशूनं एकीलाही दटावलं नाही. कबरेकडे जाताना तो स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजर कबरेतून बाहेर येणार हे ज्याला ठाऊक होतं, तो रडला. पुढची भेट ठरलेली असतानाही ज्याला रडू आलं, तो तुला रडू नकोस असं कसं म्हणेल, तूच सांग.

आणखी एक बघ. एकच दुःख, एकच घर, पण मार्था चालत सुटते आणि मरिया जागची हलत नाही. कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं, असा निवाडा तिथं नाही. तुझे मिस्टर ओट्यावर बसतात, तू कपाटापाशी बसतेस. त्यांच्याकडे मी परत येते. समासातलं ते बारीक अक्षर माझ्या लक्षात आहे.

प्रार्थना येत नाही, भांडणच येतं, असं तू लिहितेस. मग भांडणच कर की. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. आपण उपकारस्तुतीची तेवढी पाठ करतो, पण तक्रारींची त्यात काही कमी नाही. देवा, तू झोपलास का, तोंड का लपवलंस, अजून किती दिवस? बहुतेक स्तोत्रांत शेवटी शेवटी आशेचा एखादा कवडसा येतो. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. त्यात शेवटपर्यंत कवडसा नाही, ते अंधारातच संपतं. ज्या लोकांनी हा ग्रंथ जपला त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. तुझ्यासारख्या रात्री कुणाच्या तरी वाट्याला येणार हे त्यांना ठाऊक असावं. आणि वधस्तंभावर येशूनं देवाला विचारलं की मला का टाकलंस, तेही बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीतलंच होतं. स्वतःचे शब्द सुचले नाहीत तर जुने घ्यावेत, हे त्यानंही केलं.

विलापगीत नावाचं एक लहानसं पुस्तक यिर्मयाच्या मागं आहे. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केलं, त्याचा तो आक्रोश. पाच कविता आहेत. हिब्रू मुळाक्षरं बावीस. पहिल्या चार कविता या मुळाक्षरांच्या क्रमानं लिहिल्या आहेत, जसं आपण अ, आ, इ लिहावं तसं. तिसरीत तर प्रत्येक अक्षर तीन तीन वेळा येतं. मला पूर्वी वाटायचं, गाव जळत असताना ही अक्षरं जुळवायची कसली हौस? आता वाटतं, सगळं हातातून सुटलेलं असताना धरायला काहीतरी हवं असतं. आपल्या आज्या जात्यावर बसून दुःख दळायच्या, तसंच ते. हाताला एक लय असली की तोंडातून शब्द निघतो. पाचव्या कवितेत मात्र अक्षरांचा क्रम मोडलेला आहे. कडवी बावीसच, पण क्रम नाही. रडून रडून माणूस थकतो तेव्हा असंच होतं.

रात्री एकच स्तोत्र वाच, मोठ्यानं. डोळे मिटून हात जोडायलाच हवेत असं नाही. पटलं नाही तर तसं देवाला सांग आणि दिवा मालव.

आता जी गोष्ट सांगायला मी बसले आहे तिच्याकडे येते. तुझा मुलगा ईस्टरच्या आठवड्यात गेला, म्हणून सगळ्यांनी तुला पुनरुत्थान सांगितलं. साहजिक आहे. पण शुक्रवार आणि रविवार यांच्या मधे एक शनिवार आहे. आमच्या देवळांतून शुभ शुक्रवारी तीन तास उपासना होते, ईस्टरला पहाटे अंधारात उठून आम्ही कबरस्थानात गाणी गातो, आणि शनिवारी? शनिवारी घरं झाडतो, नवे कपडे इस्त्री करतो. त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही. लूकनं मात्र लिहून ठेवलंय. गालीलाहून आलेल्या बायकांनी प्रेत कुठं आणि कसं ठेवलं ते नीट पाहून घेतलं. मग त्या घरी आल्या, सुगंधी द्रव्यं आणि तेलं तयार केली, आणि शब्बाथाच्या दिवशी स्वस्थ राहिल्या. बस. त्या दिवसाचं एवढंच वर्णन. त्यांना उद्याचं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्या त्याही मोठ्या श्रद्धेनं नव्हे. मेलेल्या माणसाचं राहिलेलं काम करायला निघाल्या. धोंड कोण सरकवील, ही वाटेत काळजी.

तू त्या शनिवारात आहेस. आठ महिने झाले तरी तुझा शनिवारच चालू आहे आणि लोक तुला रविवारचे कपडे घाल म्हणून घाई करताहेत. त्या बायकांना कुणी अविश्वासू म्हणत नाही. त्यांनी काय केलं? कुटलं, मिसळलं, झाकून ठेवलं, आणि बसून राहिल्या. तेवढं तूही करतेसच आहेस. मुलीचा डबा भरतेस ना? मग झालं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. त्या देण्यातली एक गोष्ट मला आवडत नाही. 'बघ, रमाबाईंनी किती सोसलं, आणि तू!' असं म्हणून ते दिलं जातं. सोसलं हे खरं आहे. १८७४च्या सुमारास दुष्काळात आधी वडील, मग आई, आणि मागोमाग मोठी बहीण. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी पटकीनं गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. लोक इथंच थांबतात आणि म्हणतात, पाहा, ख्रिस्ताजवळ शांती मिळाली. पण रमाबाईंनी स्वतःच पुढं सांगून ठेवलंय की बाप्तिस्मा झाला तरी मनाला हवं होतं ते लगेच लाभलं नाही; त्याला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. आठ वर्षं, एवढ्या विदुषीला. आणि तू आठव्या महिन्यातच स्वतःची परीक्षा घेऊन नापास ठरवतेस.

पुढं १९२१ साली मनोरमाही गेली. चाळिशीत. केडगावच्या मुक्तिसदनाचा भार जिच्या खांद्यावर द्यायचा ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही, तडीला नेलं, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपण कशाला ठरवायचं? काम हातात होतं आणि त्यांनी ते केलं, एवढं दिसतं. लक्ष्मीबाई टिळकांनीही तेच केलं. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. उशिरा लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाईनं ते पुढं पुरं केलं. मेलेल्या माणसाचं राहिलेलं काम. शनिवारच्या बायकांचीच ही जात. पण म्हणून तू भाषांतर करायला बस असं मी म्हणत नाही हो. तुझ्या हाताला साजेल असं मी सांगते.

सासूबाईंना सांग, कपडे आत्ताच देणार नाही. वर्ष होऊ दे, नाहीतर दोन होऊ देत. ख्रिस्ती धर्मात कपडे घरात ठेवू नयेत असा नियम कुठंही नाही. एक शर्ट न धुता ठेव. घडी करून प्लॅस्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाल. पिशवीत डांबरगोळी चुकूनही टाकू नकोस, नाहीतर वास गेलाच म्हणून समज. बाकीच्या सुती शर्टांची, तुला वाटेल तेव्हा, गोधडी कर. टेरिकॉटचे शर्ट बाजूला काढ, सुई चालत नाही आणि सुतीबरोबर ते आटतही नाहीत. कॉलर, पट्ट्या उसवून घे, बटणं डबीत ठेव. खिसे काढू नकोस, वरच्या थरात तसेच राहू देत. अस्तराला तुझी एखादी मऊ झालेली सुती साडी. सगळे थर सतरंजीवर सपाट अंथरून आधी लांब कच्चे टाके घाल, मग कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जा. दिवसाला एक फेरी पुष्कळ झाली. आणि दुसऱ्या टोकाला मुलीला बसव. बारावी असली तरी अर्धा तास तिला द्यायला सांग. त्या पोरीचा भाऊ गेलाय, आणि 'आईला सांभाळ' याखेरीज तिच्याशी कुणी काही बोललेलं नसेल.

आता मिस्टर. समासातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आठ पानं तू मला लिहिलीस, पण खरं पत्र ते दोन ओळींचंच आहे. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावून ठेवला आहेस की ते तुला दोष देताहेत. देत असतीलही, मला इथं बसून काय कळणार? पण असंही असेल की 'मीच नेट धरून नको म्हणायला हवं होतं,' असं ते स्वतःला खात असतील. किंवा ट्रॉलीवाल्याला. बेथानीच्या दोघी बहिणींनी आपली 'असतास तर' मनात कोंडली नाही, बोलून टाकली. तूही बोल. समोरासमोर बसवून, रडून नको. पुरुषमाणसं अशा वेळी उठून जातात. ओट्यावर तूही जा, शेंगा निवडायला घे, आणि खाली मान घालून एवढंच म्हण, "गाडीला पैसे मी दिले, ते माझ्या मनातून जात नाही." पुढं काही विचारू नकोस. त्या दिवशी उत्तर आलं नाही तरी चालेल. आठ दिवसांनी येईल.

आणि देवापाशी? पापाची क्षमा मागतात, बाई. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलाला कामावर जायला गाडी घेऊन दिली, हे पाप नव्हे, आईची माया आहे. त्याची क्षमा मागत बसलीस तर ती कधीच मिळाल्यासारखी वाटणार नाही, कारण क्षमा करण्यासारखं तिथं काही नाहीच. दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी करणं, हा मात्र अपराध आहे. त्याची तक्रार, दाव्याची कागदपत्रं मार्गी लागली आहेत का, एवढं जाणत्या माणसाकडून बघून घे.

देवळाचं म्हणशील तर मागच्या बाकावर, दाराशेजारी बस. गाणं सुरू झालं की बाहेर ये, संपलं की आत जा. कुणी विचारलं तर सांग, मावशीनं सांगितलंय. नाहीतर आत बसून राहा आणि गाऊ नकोस, बाकीचे गातील. मंडळी असते ती कशासाठी? एकीचा घसा आवळला की बाकीच्यांनी गाणं चालू ठेवायचं. मला कॅथॉलिक लोकांचं एक आवडतं. वसईकडे, वांद्र्याला २ नोव्हेंबरला सगळे मिळून कबरस्थानात जातात, फुलं, मेणबत्त्या घेऊन. वर्षातला एक दिवस तरी रडायला हक्काचा असतो. आपल्या मंडळींनी तो सोडला, मला वाटतं थोडी घाईच केली.

नाताळात चांदणी लावायची की नाही ते मुलीला विचार. ती म्हणाली लाव, तर लाव. फराळ एकच कर, त्याला आवडायचा तो, नाहीतर विकत आण. लोक येतील त्यांना अर्धा तास बसू दे, मग तू आत जा, सासूबाई बघतील.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. जेवण तुटलं असेल, रात्र रात्र झोप नसेल, त्याच्याकडेच निघून जावं असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. ताप आला की आपण प्रार्थना करतो आणि गोळीही घेतो. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत लांबलेल्या, माणसाला जागचा हलू न देणाऱ्या शोकाला वेगळं नावच दिलेलं आहे, त्यावर उपचारही आहेत. सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. हे मी तुझ्यासारख्याच इतर भगिनींसाठीही लिहिते आहे.

आणि ज्यांच्या ओळखीत असं घर आहे त्यांनी ईयोबाच्या मित्रांची गोष्ट आठवावी. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. तेव्हा भेटायला जाताना डबा न्या, पिठलं-भाकरी चालेल. कसं झालं, किती वाजता झालं, हे विचारू नका. दळण आणून द्या, बँकेची, मृत्यूच्या दाखल्याची खेप घाला. मोबाईलवर हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळ्या होऊ नका. आणि पहिल्या महिन्यात गर्दी करण्यापेक्षा सहाव्या महिन्यात जा. तेव्हा त्या घरी कुणीच येत नसतं.

बाई, आणखी एकच. त्या रविवारी सकाळी मग्दालीया मरिया कबरेपाशी रडत उभी होती. समोर जो उभा होता त्याला तिनं ओळखलं नाही, माळी समजली. त्यानं तिला समजुतीचं भाषण केलं नाही, नुसती नावानं हाक मारली, तेव्हा तिला कळलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आठ पानांत 'तो', 'मुलगा', 'थोरला' असं शंभरदा आहे, पण त्याचं नाव कुठंच नाही. घरातही कुणी घेत नसेल, असं वाटतं. पुढच्या पत्रात लिही. छापणार नाही, माझ्यापुरतं ठेवीन.

तुझी,
मावशी